वसईच्या पुलावरून रानातल्या नावांकडे : थिओडोर कुक

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे एका थोर व्यक्तीचं चरित्र मागितलं. शिवाजी महाराज, लोकमान्य, सावित्रीबाई यांच्यावर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिणारे सभासद आपल्याकडे आहेत. मी पडलो रेल्वेतला माणूस. सगळी नोकरी रूळ, पूल आणि मोऱ्या यांच्यात गेली. रानावनात भटकायची आवड मात्र लहानपणापासूनची. म्हणून या दोन्ही गोष्टी ज्याच्या एकाच आयुष्यात आल्या, त्या माणसावर लिहायचं ठरवलं. त्याचं नाव थिओडोर कुक. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कोणालाही विचारा, कुक्स फ्लोरा म्हटलं की तो माणूस लगेच ओळख देईल. बाकीच्यांना मात्र त्याचं नाव ठाऊक नसतं. खरं तर आपण रोज ज्या लाइनीने जातो-येतो, तिच्या बांधकामाशीच त्याचा संबंध आहे.

कुक यांचा जन्म १८३६ साली आयर्लंडमध्ये वॉटरफर्डजवळच्या ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावी झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले. हुशार इतके की विज्ञान आणि आधुनिक भाषा अशा दोन वेगवेगळ्या विषयांत त्यांनी सुवर्णपदकं मिळवली. शिवाय इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. १८६० साली, म्हणजे चोविशीच्या आसपास, ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आले. या कंपनीला आपल्याकडची जुनी माणसं बी. बी. सी. आय. म्हणत. आजची पश्चिम रेल्वे तिच्यातूनच पुढे झाली.

ही लाइन उलट्या बाजूने वाढली. पहिला तुकडा गुजरातेत सुरत-अंकलेश्वरकडे सुरू झाला, आणि तिथून ती खाली मुंबईकडे सरकत आली. आपल्या भागात खरी अडचण डोंगरांची नव्हती, खाड्यांची होती. डहाणूपासून वसईपर्यंत खाडीमागून खाडी, खाली खोल चिखल, आणि दिवसातून दोनदा भरती. सगळ्यात मोठी वसईची खाडी. मधे पाणजू बेट आणि दोन्ही बाजूंना पाणी. या कंपनीने अशा ठिकाणी दगडी पाये घालण्याच्या भानगडीत न पडता लोखंडी स्क्रूचे खांब वापरले. खांबाच्या टोकाला मोठं पातं असतं. तो चिखलात फिरवत फिरवत खाली न्यायचा, घट्ट जमीन लागली की थांबायचं, आणि वर विलायतेहून आलेले लोखंडी गर्डर चढवायचे. वसईच्या या लोखंडी पुलाच्या कामावर तरुण कुक होते. १८६४ साली मुंबईची लाइन गुजरातेशी जोडली गेली. त्यानंतर खाडीवर नवे पूल आले, लाइनी वाढल्या, पण गाडी नायगाव सोडून पाणजूकडे निघाली की मला तरी त्या पहिल्या खांबांची आठवण येतेच.

पुलाचं काम झालं आणि १८६५ साली कुक पुण्याला गेले. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचा एक वर्ग चालू होता, कामगार आणि ओव्हरसियर तयार करण्यासाठी. त्याचं आता रीतसर कॉलेज होत होतं. कुक त्याचे प्रिन्सिपॉल झाले तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आतच होतं. तिथे ते १८९३ पर्यंत राहिले, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं. १८८० च्या सुमारास कॉलेजचं नाव कॉलेज ऑफ सायन्स झालं, आणि पुढे तेच पुण्याचं प्रसिद्ध इंजिनिअरिंग कॉलेज. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच कॉलेजातून १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले, ते कुकसाहेबांच्याच कारकिर्दीत. त्या काळी कॉलेजात नुसतं इंजिनिअरिंग नव्हतं. शेतीचा वर्ग होता, निसर्गविज्ञान होतं. वुड्रो नावाचे बागकाम आणि शेतीचे जाणकार साहेब तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत. गणेशखिंडीची बागही त्यांच्याकडे होती. अशा कॉलेजात गणित आणि पूल जाणणारा प्रिन्सिपॉल वनस्पतींकडे वळला.

तो वळला म्हणजे काय झालं, हे कळायला थोडं मागे जायला हवं. मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांची यादी करण्याचा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता असं नाही. पण तो करणाऱ्यांपैकी कुणाचाच तो मुख्य धंदा नव्हता. जॉन ग्रॅहम हे मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी. त्यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती १८३९ साली छापली गेली आणि त्याच वर्षी ते खंडाळ्याला वारले. त्यानंतर डॉ. गिब्सन आणि डॅल्झेल. गिब्सन डॉक्टर, पुढे इलाख्याच्या जंगल खात्याचे पहिले मुख्य अधिकारी. त्यांच्यामागून डॅल्झेल त्याच जागेवर आले. या दोघांनी मिळून बॉम्बे फ्लोरा हे पुस्तक १८६१ साली मुंबईत छापलं. रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जळणासाठी जंगल झपाट्याने तुटत होतं. तो काळ या दोघांनी डोळ्यांनी पाहिला. म्हणजे कुक वसईला पुलाचे खांब रोवत होते त्याच सुमारास इलाख्याच्या वनस्पतींचं पहिलं मोठं पुस्तक बाजारात आलं होतं, आणि त्यातल्या काही वनस्पती ज्या रानात वाढत, ते रान या नव्या लाइनीसाठीच कमी होत होतं.

गिब्सन-डॅल्झेल यांचं पुस्तक चांगलं, पण वर्णनं त्रोटक. पुढे हूकर यांनी सगळ्या हिंदुस्थानच्या वनस्पतींवर सात खंडांचा ग्रंथ काढला, १८७२ ते १८९७ या काळात. पण तो हिमालयापासून सिलोनपर्यंतचा. त्यात आपल्या कोकणाच्या वाट्याला एखादी ओळ येणार. ठाण्याच्या जंगलात, जव्हारच्या माळावर किंवा माहीमच्या किनाऱ्यावर एखादं रोप हातात धरून हे काय आहे असं विचारणाऱ्याला नेमकं उत्तर देणारं पुस्तक नव्हतं. कुकसाहेबांनी ते लिहिलं.

पण असं पुस्तक नुसतं बसून लिहिता येत नाही. त्याला लागतो वनस्पतींचा वाळवलेला संग्रह. इंग्रजीत त्याला हर्बेरियम म्हणतात. आपण साधेपणाने पानसंग्रह म्हणू. काम ऐकायला सोपं आहे. फुलाफळांसकट रोप किंवा डहाळी घ्यायची, शोषकागदात पसरून दाबून ठेवायची, कागद रोज बदलायचे. वाळली की जाड कागदावर चिकटवायची. हल्ली आपल्याकडे तो कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा असतो. खाली उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी : रोपाचं नाव, कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, कुणी गोळा केलं, आणि गोळा करणाराचा क्रमांक. फुलाचा रंग, झाडाची उंची, वास, चीक, असं वाळल्यावर जे जातं ते सगळं तिथेच लिहून ठेवायचं. मग किडीपासून वाचवायला विषारी द्रावण लावायचं आणि कपाटात ठेवायचं.

ऐकायला सोपं, पण आपल्या पावसात करून बघा. आपल्याकडे कितीतरी रोपं फुलतात तीच मुळी जून ते ऑक्टोबर. घरात टॉवेल वाळत नाही, तिथे शोषकागद काय वाळणार? दोन दिवस कागद बदलायचा राहिला की पानांवर बुरशी. म्हणून त्या काळी गोळा करणारी माणसं चुलीच्या धगीवर कागद वाळवत, आणि एक गठ्ठा दाबलेला असताना दुसरा गठ्ठा शेकत. अशा मेहनतीतून एक पान होतं, आणि अशी हजारो पानं झाली की त्यातून एक पुस्तक होतं.

कुकसाहेबांनी कॉलेजात असा पानसंग्रह उभा केला. एकट्याने नव्हे. वुड्रो होतेच. त्याशिवाय कानिटकर, भिवा, गराडे, रानडे, भिडे अशी नावं त्या काळच्या पानांच्या चिठ्ठ्यांवर सापडतात. ठाणे जिल्ह्याच्या जंगल खात्यात रायन नावाचे साहेब होते. त्यांनी आपल्या या भागातल्या वनस्पती गोळा केल्या. त्या वेळी पालघर, डहाणू, वाडा, जव्हारकडचा सगळा मुलूख ठाण्याकडेच बघत होता, त्यामुळे कुकांच्या पुस्तकात ठाणे असं दिसलं की त्यात आपण आलो.

१८९० साली सरकारने बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया हे खातं काढलं आणि १८९१ मध्ये पश्चिम भागाच्या सर्वेक्षणाची जबाबदारी कुकांकडे आली. त्याच वर्षी त्यांना सी. आय. ई. हा किताबही मिळाला. दोनच वर्षांनी ते निवृत्त होऊन विलायतेला परतले.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि आपल्या सोसायटीतल्या आम्हा ज्येष्ठ मंडळींना ती विशेष सांगावीशी वाटते. सत्तावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला, किताब मिळालेला, पेन्शन चालू असलेला माणूस. त्याने काय करावं? कुक लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात जाऊन बसू लागले. क्यूचा पानसंग्रह जगातला मोठा. डॅल्झेल, स्टॉक्स, लॉ अशा जुन्या लोकांनी मुंबई इलाख्यातून पाठवलेली मूळ पानं तिथे होती. पुण्याहून आलेलं पान एका हाताला आणि ती जुनी पानं दुसऱ्या हाताला, असं जुळवत जुळवत त्यांनी फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे हा ग्रंथ लिहिला. पहिला भाग १९०१ साली निघाला, शेवटचा १९०८ साली. म्हणजे पहिला भाग छापला तेव्हा ते पासष्टीच्या घरात होते आणि पूर्ण झाला तेव्हा सत्तरीच्या पुढे. सिंधपासून कारवारपर्यंतच्या फुलझाडांचा हा ग्रंथ. त्यानंतर दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९१० रोजी, क्यू इथेच ते वारले.

हे जुळवायचं काम कसं चालतं ते एका आपल्याच भाजीवरून सांगतो. पहिला पाऊस पडला की पालघरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, शेजारी काकडं. शेवळं नीट काकडं घालून शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. ही शेवळं म्हणजे रोपाचा न उमललेला फुलोरा. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. सुरणाचं जवळचं भावंड.

आता गंमत बघा. जूनमध्ये जमिनीतून नुसता फुलोरा वर येतो, पान नसतं. फुलोरा संपला की पान येतं, तेव्हा फूल नसतं. म्हणजे जूनमध्ये गेलेला माणूस फुलाचं पान आणणार, आणि ऑगस्टमध्ये गेलेला पानाचं पान. या दोन कागदांवर एकच रोप आहे हे टेबलावर बसून कसं कळणार? त्यात मांसल रोप, दाबलं तर सडतं. म्हणून आधी गरम पाण्यात बुडवून मारावं लागतं. मग क्यूमध्ये बसलेला माणूस वाळलेला फुलोरा पाण्यात उकळून मऊ करतो, भिंगाखाली उघडतो, मादी फुलं खाली किती, नर फुलं वर किती, त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे का, टोकाचा भाग कसा, हे मोजतो. तो आधीच्या पानांशी ताडतो. शॉट नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाने हे रोप वेगळ्या गटात घातलं होतं. एंग्लर यांनी १८७९ मध्ये ते सुरणाच्या गटात आणलं. प्रत्येक वेळी पुरावा तोच : कागदावर चिकटवलेला एक वाळका फुलोरा.

म्हणजे नाव ठेवणं हे बारशासारखं नाही, मनात आलं आणि ठेवलं. ज्या पानावरून पहिलं वर्णन केलं ते पान त्या नावाचं मूळ. शंका आली की जगातल्या कुणालाही तिथपर्यंत जावं लागतं. आणि एकाच रोपाला दोघांनी दोन नावं दिली असतील तर आधीचं नाव टिकतं. आपला पळस घ्या. वाघोबा घाटातून मनोरकडे जाताना फाल्गुनात डोंगर पेटल्यासारखा दिसतो तो. कुकांच्या पुस्तकात त्याचं नाव ब्युटिया फ्रोंडोसा. आज ब्युटिया मोनोस्पर्मा म्हणतात, कारण मोनोस्पर्मा हे नाव लामार्क यांनी आधी दिलेलं निघालं. मोहाचं झाड कुकांकडे बॅसिया, आज मधुका. हा शब्द तर आपल्याच मधूकवरून घेतलेला. वाचकाला वाटेल, मग पुस्तक जुनं झालं, चुकलं. तसं नाही. नाव बदललं तरी पान तेच राहतं. कुकांनी कोणतं झाड पाहून काय लिहिलं हे पान बघून आजही तपासता येतं. नाव ही पाटी आहे, पान हे घर. पाटी बदलली म्हणून घर हरवत नाही.

या पुस्तकातली एक लहानशी खूण मला सगळ्यात आवडते. प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनानंतर ती कुठे मिळाली आणि कुणाला मिळाली हे दिलेलं असतं. काही नावांपुढे उद्गारचिन्ह असतं. ते आश्चर्याचं नव्हे. त्याचा अर्थ, या माणसाने गोळा केलेलं पान मी स्वतः पाहिलं आहे. ज्याचं पान पाहिलं नाही, नुसतं दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं, त्यापुढे ते चिन्ह नाही. ऐकीव आणि पाहिलेलं यातला फरक एका टिंबकाठीने दाखवला आहे. इंजिनिअरच्या मोजमापाच्या वहीत असतो तसाच हा नियम. जे मापलं ते लिही, जे मापलं नाही ते मापलं म्हणू नको. पुलावर घालवलेली वर्षं त्यांच्या इथे कामी आली असं मला रेल्वेवाल्याला वाटतं, आणि ते वाटणं माझं आहे.

त्या उद्गारचिन्हाने आणखी एक काम केलं. भिवा हे नाव घ्या. पुस्तकात नुसतं भिवा, ना आडनाव ना पदवी. त्याच ओळीत डॅल्झेल, स्टॉक्स, वुड्रो, रायन असे बडे साहेब. पण भिवापुढेही तेच उद्गारचिन्ह, त्याच मापाचं. रानात जाऊन रोप आणलं, नीट वाळवलं, चिठ्ठी लिहिली, म्हणून त्याच्या शब्दावर शास्त्र विश्वास ठेवतं. त्या काळी हापिसात आणि क्लबात साहेब आणि नेटिव्ह यांच्यात जी भिंत होती ती या ओळीत नाही.

नावं देतानाही कुकांनी हे भान ठेवलेलं दिसतं. नीळीच्या गटातल्या एका वनस्पतीला त्यांनी इंडिगोफेरा डॅल्झेली असं नाव दिलं, म्हणजे आपल्या आधीच्या माणसाचं. आणि पानफुटीच्या नात्यातल्या एका रसाळ वनस्पतीला कलांचोए भिडेई, म्हणजे पुण्याच्या भिड्यांचं. सह्याद्रीतल्या सोनघंटेचं शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. ते वुड्रो आणि श्टाफ यांनी १८९४ साली रानड्यांवरून ठेवलं. हीच पद्धत पुढे चालू राहिली. आपल्या फोडशीच्या जातभाईला, सफेद मुसळीला, फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ च्या सुमारास क्लोरोफायटम बोरिविलियानम हे नाव दिलं. हो, तेच बोरिवली, जिथे आपण विरार लोकलमध्ये जागा मिळाली का ते बघतो. जगभरच्या औषधी कंपन्या ती मुळी विकतात आणि दर वेळी बोरिवलीचं नाव घेतात.

आता गुण सांगितले तसं उणंही सांगायला हवं. पुस्तक इंग्रजीत, शास्त्रीय नावं लॅटिन, आणि छापलं लंडनला. ज्या वारली, कोकणा, ठाकर माणसांना ही रोपं लहानपणापासून माहीत, कोणत्या पालेभाजीचं पाणी दोनदा टाकायचं आणि कोणतं मूळ तापावर द्यायचं हे ज्यांना ठाऊक, त्यांच्यातल्या कुणाचं नाव त्या ओळींत नाही. कुकांनी मराठी नावं जमतील तिथे दिली, हे खरं. पण ती सांगणारं माणूस कोण हे लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. आणि मुळातली पानं लंडनला, म्हणजे आपल्या रानातलं गवत ओळखायला आपल्याच माणसाला सातासमुद्रापार जायचं. सुदैवाने पुण्यातलं सगळं गेलं नाही. कोरेगाव रस्त्यावर बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. कुक, वुड्रो, कानिटकर, भिडे, गराडे यांची जुनी पानं तिथल्या संग्रहात आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली कलकत्त्याला कुकांचा ग्रंथ तीन खंडांत पुन्हा छापला गेला. आणि १९९६ ते २००१ या काळात आपल्याच शास्त्रज्ञांनी महाराष्ट्र राज्याच्या फुलझाडांचे नवे खंड काढले, ते कुकांच्या कामाचा आधार घेऊनच.

मग हे सगळं आपल्या सोसायटीच्या स्मरणिकेत कशाला, असं कुणी विचारेल. सांगतो. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. बोईसर-तारापूरची एमआयडीसी त्याआधीपासूनची. मालगाडीचा वेगळा मार्ग झाला, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले. प्रत्येक स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारती वाढल्या आणि त्यातलीच एक आपली. मी याविरुद्ध भाषण करणार नाही. त्याच लाइनीवर मी पोट भरलं आणि याच इमारतीत म्हातारपण काढतो आहे. पण आपली इमारत ज्या जागी आहे तिथे आधी भाताची खाचरं आणि मधे मोकळा माळ होता. पावसात तिथे काय काय उगवत होतं? जुने गाववाले हाताने उंची दाखवून सांगतात, निळं फूल, पांढरं फूल, एक वासाचं गवत. पण नाव कोण सांगणार, आणि ते तसंच होतं हे कशावरून? एकही पान कुणी दाबून ठेवलेलं नाही. कुकांच्या काळी पुण्याच्या आसपास काय फुलत होतं हे भिवाच्या पानांवरून आज कळतं. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच आवारात काय फुलत होतं हे कळायला काहीच मार्ग नाही. कुकांच्या चरित्रातून मला हेच दिसतं. ज्याने लाइन टाकायला हात लावला त्यानेच पुढे लिहूनही ठेवलं. लाइनी आणि इमारती होतच राहणार. पण लिहून ठेवणं आपल्या हातात आहे.

म्हणून सोसायटीपुढे एक साधा प्रस्ताव मांडतो. आपल्या मागच्या कंपाउंडला, नाल्याच्या कडेला आणि जिन्याशेजारच्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात जे आपोआप उगवतं, त्याची पानं येत्या जूनपासून मुलांकडून करून घ्यावी. फक्त आपल्या आवारातली. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही उपटायचं नाही, आणि कुठेही एखादंच रोप असेल तर त्याचा फोटो पुरे. जुनी वर्तमानपत्रं प्रत्येक घरात आहेत, आणि वर ठेवायला माझ्याकडे रेल्वेच्या मापाच्या जाड फळ्या आहेत. कागद बदलायचं काम आम्ही सकाळच्या कट्ट्यावरची मंडळी घेऊ. नाहीतरी साडेनऊनंतर आम्हाला काम नसतं. नाव लगेच कळलं नाही तरी हरकत नाही, ओळखून देणारे प्राध्यापक भेटतील. पण चिठ्ठी पूर्ण हवी : कुठे, कोणत्या तारखेला, कुणी. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एखाद्या रोपाचं नाव आणि भाजी सांगितली, तर चिठ्ठीवर त्या मावशींचंही नाव पूर्ण लिहायचं, आडनावासकट.

शंभर पानं झाली तर एक कपाट लागेल. ते कार्यालयात, मीटिंगच्या फायलींच्या शेजारी मावेल. डांबराच्या गोळ्या आणि कोरडी जागा एवढी काळजी घेतली की बास. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढणाऱ्यांना मग आपल्या आवारात काय उगवत होतं याचा अंदाज बांधावा लागणार नाही. कपाट उघडून बघतील आणि लिहितील. वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, एवढीच अध्यक्ष आणि सचिव साहेबांना विनंती. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.